शाळामास्तर, पाद्री आणि कोमिताजी

थेसालोनिकीच्या समुद्रकाठावरून जरा आत शिरले की 'प्रोक्सेनू कोरोमिला' म्हणजे 'वकील कोरोमिलास यांचा रस्ता' लागतो. इथेच शहराचे मुख्य कॅथेड्रल आहे आणि त्याला खेटून एक नीटस, देखणी इमारत. अथेन्स सजवणाऱ्या अर्न्स्ट त्सिलर या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला होता. १९१२ पर्यंत शहरावर ऑटोमन सुलतानाचा अंमल होता, तेव्हा ही ग्रीसची वकिलात होती. लाम्ब्रोस कोरोमिलास १९०४ पासून इथे वकील, म्हणजे वाणिज्यदूत, होते. वरवर पासपोर्ट आणि व्यापाराची कामे चालत. आतून बंदुका, पैसा आणि माणसे डोंगरांत पोचवली जात. शेजारीच बिशपचा मुक्काम असल्याने कोण कशासाठी आले हे पोलिसांना कळणे अवघड होते.

आज इथे 'मॅसिडोनियन संघर्षाचे संग्रहालय' आहे. काचेच्या कपाटांत बंदुका, शिक्के, पत्रे. भिंतींवर काडतुसांचे पट्टे ल्यालेल्या मिशाळ सरदारांची चित्रे. हा संघर्ष सुलतानाविरुद्धचा असणार, असे बाहेरून आलेल्या माणसाला वाटते. पण माहितीफलक वाचत गेले की शत्रू म्हणून तुर्कांपेक्षा बल्गेरियनांचेच नाव अधिक वेळा येते. सुलतान म्हातारा झाला होता. तो गेल्यावर ही जमीन कुणाची, हा खरा प्रश्न होता.

थेसालोनिकीहून पश्चिमेला कास्तोरिया, तिथून उत्तरेला फ्लोरिना, सीमा ओलांडून बितोला, रेसेन, क्रुशेवो आणि शेवटी स्कोप्ये, अशी वाट धरली तर या प्रश्नाची बहुतेक ठिकाणे पाहून होतात. ऑटोमन कागदोपत्री 'मॅसिडोनिया' नावाचा प्रांतच नव्हता. सेलानिक, मनास्तिर आणि कोसोवो असे तीन विलायेत होते. युरोपातले मुत्सद्दी या तिन्हींच्या बऱ्याच भागाला मिळून मॅसिडोनिया म्हणत. ३ मार्च १८७८ रोजी सान स्तेफानोच्या तहात तुर्कांवर विजय मिळवलेल्या रशियाने यातला मोठा भाग नव्या बल्गेरियाला देऊन टाकला. चारच महिन्यांत बर्लिनला इतर महासत्तांनी तो तह मोडला आणि मॅसिडोनिया सुलतानाला परत केला. सोबत सुधारणांचे आश्वासन. बल्गेरियाच्या तोंडचा घास गेला, पण चव राहिली. ग्रीस आणि सर्बिया यांनाही कळून चुकले, की इथला नकाशा अजून ओला आहे.

नकाशा पुसायचा तर माणसे मोजावी लागतात. मग मोजणी सुरू झाली. सर्बियाच्या बाजूने स्पिरिदियोन गोप्चेविच यांनी १८८९ मध्ये आकडे दिले: सर्ब २० लाख ४८ हजार, बल्गेरियन अवघे ५७ हजार ६००. १९०० मध्ये बल्गेरियाच्या वासिल कान्चोव्ह यांनी मोजले: बल्गेरियन ११ लाख ८१ हजार, सर्ब ७००. ग्रीक तक्त्यात ग्रीक साडेसहा लाख आणि बल्गेरियन ३ लाख ३२ हजार. प्रत्येकाने आपापल्या सोयीने सीमा आखली होती हे खरे. तरी वीस लाख आणि सातशे यांतला फरक केवळ सीमेने पडत नाही.

तो पडला मोजण्याच्या निकषामुळे. ऑटोमन राज्यात प्रजेची विभागणी धर्मपीठानुसार होई. तिला 'मिल्लेत' म्हणत. सारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्मगुरूच्या, म्हणजे पॅट्रिआर्कच्या खाती जमा. घरात स्लाव्ह बोली बोलणारा शेतकरीही सरकारदप्तरी 'रूम', म्हणजे ग्रीकांच्या रांगेत. १८७० मध्ये सुलतानाने फर्मान काढून बल्गेरियनांना 'एक्झार्केट' हे वेगळे धर्मपीठ दिले. त्याच्या दहाव्या कलमात मेख होती: एखाद्या भागातल्या दोन तृतीयांश लोकांनी मागणी केली, तर तो भाग एक्झार्केटकडे जाऊ शकेल. दोन वर्षांनी पॅट्रिआर्कने एक्झार्केटला धर्मबाह्य ठरवले. आता गावागावात एकच सवाल: पाद्री कुणाचा? पाद्र्यापाठोपाठ शाळा येई, आणि शाळेपाठोपाठ राष्ट्र.

हे कसे चाले, ते ब्रिटिश पत्रकार हेन्री नोएल ब्रेल्सफर्ड यांनी १९०६ च्या आपल्या ग्रंथात टिपून ठेवले आहे. सुलतानाविरुद्ध १९०३ मध्ये झालेल्या उठावानंतरच्या मदतकार्यासाठी ते मनास्तिर भागात राहिले होते. बाजारात भेटलेल्या एका खात्यापित्या शेतकऱ्याला त्यांनी विचारले, तुझे गाव ग्रीक की बल्गेरियन? चार वर्षांपूर्वी ग्रीक होते, आता बल्गेरियन आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. कारणही साधे होते. शिक्षकाचा निम्मा पगार गावाला द्यावा लागे आणि पाद्री चार गावांत मिळून एक, तोही वेळेवर न येणारा. ग्रीक बिशपकडे गाऱ्हाणे नेले तर त्याने दाद दिली नाही. बल्गेरियनांना हे कळले; त्यांनी गावात राहणारा पाद्री आणि फुकट शिक्षक देऊ केला. गाव गरीब, तेव्हा ते बल्गेरियन झाले. हेच ब्रेल्सफर्ड पुढे १९३० मध्ये भारतात फिरले आणि सविनय कायदेभंगाच्या त्या काळावर त्यांनी 'रिबेल इंडिया' लिहिले. परक्या सत्तेखालच्या खेड्यात बसून माणसांना बोलते करण्याचा सराव त्यांना मॅसिडोनियात आधीच झाला होता.

शाळा हा या लढ्याचा पहिला कारखाना. थेसालोनिकीत १८८० मध्ये एक्झार्केटने मुलांचे माध्यमिक विद्यालय काढले. दामे ग्रुएव्ह आणि गोत्से देल्चेव्ह तिथलेच विद्यार्थी. पुढे दोघेही श्टिप गावी मास्तर झाले. १८९३ च्या शरद ऋतूत थेसालोनिकीतच ग्रुएव्ह, डॉक्टर ह्रिस्तो तातार्चेव्ह आणि आणखी चौघांनी गुप्त क्रांतिकारी संघटना स्थापन केली. मॅसिडोनिया आणि एद्रिने प्रांत यांची स्वायत्तता हे तिचे ध्येय. स्वायत्तता म्हणजे बल्गेरियात विलीन होण्याची पहिली पायरी, की खरोखरच वेगळे राज्य, यावर संघटनेतच तट पडले आणि ते कधी मिटले नाहीत. सोफियात राजाच्या मर्जीतली आणखी एक संघटना होतीच; तिला हा प्रदेश सरळ बल्गेरियात हवा होता.

पैशासाठी या मास्तरांच्या संघटनेने जे केले, ते जगभर गाजले. सप्टेंबर १९०१ मध्ये तिच्या याने सान्दान्स्की या सरदाराने आणि त्याच्या साथीदारांनी एलेन स्टोन या अमेरिकन मिशनरी बाईंना पळवले. सोबतीला धरलेल्या कातेरिना त्सिल्का या गरोदर होत्या. डोंगरात लपतछपत फिरताना त्या बाळंत झाल्या, आणि कोमिताजींवर, म्हणजे संघटनेच्या बंदुकधारी टोळीवाल्यांवर, तान्ह्या मुलीसाठी धावपळ करण्याची पाळी आली. अमेरिकेत वर्गणी गोळा झाली, १४ हजार सोन्याच्या लिरा मोजल्या गेल्या आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये सुटका झाली. त्या पैशाची शस्त्रे झाली. एप्रिल १९०३ मध्ये थेसालोनिकीत तरुण अराजकवाद्यांच्या एका टोळीने फ्रेंच जहाज 'ग्वादाल्किव्हिर' आणि ऑटोमन बँक उडवली. भाड्याच्या दुकानाखालून भुयार खणून त्यांनी बँकेखाली सुरुंग पेरला होता.

ज्या शहरासाठी ही ओढाताण चालली होती, तिथे यातल्या कुणाचेच बहुमत नव्हते. ग्रीसने १९१३ मध्ये केलेल्या मोजणीत शहराच्या १ लाख ५७ हजार ८८९ रहिवाशांत ज्यू ६१ हजारांवर, मुसलमान सुमारे ४६ हजार, ग्रीक ४० हजार आणि बल्गेरियन ६ हजार निघाले. गोदीवर ज्यू हमालांचे राज्य होते. शनिवारी बंदर बंद राही.

शहर सोडून पश्चिमेला निघाले की यानित्साचा सपाट मुलूख लागतो. कापसाची आणि फळबागांची शेते मैलोन्मैल पसरली आहेत. शंभर वर्षांपूर्वी हे उथळ सरोवर होते, वेतांनी भरलेली दलदल. ग्रीक आणि बल्गेरियन टोळ्या लाकडी फळ्यांवर झोपड्या बांधून सपाट तळाच्या होड्यांतून एकमेकांवर गोळ्या झाडत. गोळीपेक्षा हिवतापाने अधिक माणसे जायबंदी होत. पेनेलोपी डेल्टा यांच्या १९३७ मधल्या कादंबरीमुळे ही दलदल ग्रीसच्या शाळकरी मुलांना तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष पाणी मात्र १९३० च्या दशकात उपसून टाकले गेले.

कास्तोरिया तळ्याकाठी वसलेले, फरच्या व्यापारावर पोसलेले शहर. १९०० ते १९०७ या काळात इथले बिशप होते गेर्मानोस कारावांगेलिस. या बिशपसाहेबांची धर्मसेवा बंदूक बाळगून चाले. ऑटोमन अधिकाऱ्यांशी त्यांचे उघड गूळपीठ होते, कारण त्यांच्या मते खरा शत्रू एक्झार्केट होता. त्यांनी फोडलेला सर्वांत नामी माणूस म्हणजे रुल्या गावचा कोत्तास. घरची बोली स्लाव्ह, आधी क्रांतिकारी संघटनेशी सहकार्य, मग ग्रीकांच्या बाजूने लढणारा सरदार. तुर्कांनी त्याला १९०५ मध्ये मनास्तिरला फाशी दिले. त्याच्या गावाला आता त्याचेच नाव आहे.

ग्रीसला खडबडून जागे केले ते १९०३ च्या उठावाने. त्यानंतर अथेन्समधून अधिकारी वेशांतर करून येऊ लागले. तोफखान्याचा तरुण लेफ्टनंट पावलोस मेलास त्यांतलाच. सासरे स्तेफानोस द्रागूमिस हे मोठे राजकारणी, मेव्हणा इऑन द्रागूमिस मनास्तिरच्या वकिलातीत. ऑक्टोबर १९०४ मध्ये कास्तोरियाच्या डोंगरात स्तातित्सा गावी तुर्की तुकडीने त्याला घेरले. गोळी लागून तो मेला. प्रेत ओळखले जाऊ नये म्हणून त्याच्याच माणसांनी शिर कापून नेले. ते पिसोदेरीच्या चर्चमध्ये पुरले गेले आणि धड कास्तोरियात. जिवंतपणी मेलासला फारसे काही साधले नव्हते. मरणाने मात्र त्याने सारा ग्रीस हलवला. स्तातित्साचे नाव आज मेलास आहे.

पुतळे पाहताना दुसरी बाजूही ठाऊक असावी. १९०५ च्या वसंतात ग्रीक टोळ्यांनी कास्तोरियाजवळच्या झागोरिचानी या एक्झार्केटच्या गावावर हल्ला केला आणि साठहून अधिक गावकरी मारले. क्रांतिकारी संघटनेच्या टोळ्याही पॅट्रिआर्कला मानणारे पाद्री आणि मास्तर टिपून मारत. गावकऱ्यांची गत आगीतून फुफाट्यात: रात्री एक टोळी धर्मपीठ बदलायला लावी, आठवड्याने दुसरी ते परत फिरवी, आणि दिवसा तुर्की शिपाई दोघांनाही आसरा दिल्याबद्दल झोडपे.

फ्लोरिनाहून सीमा ओलांडली की तीसेक किलोमीटरवर बितोला, म्हणजे जुने मनास्तिर. इथे सुलतानाच्या सैन्याचे ठाणे होते आणि महासत्तांचे वकील राहत. शिरोक सोकाक या पादचारी रस्त्यावर त्या काळची घरे अजून रांगेने उभी आहेत, फिकट गुलाबी, पिवळी, निळसर. खाली कॅफे, वर नक्षीदार सज्जे. सैनिकी विद्यालयाच्या इमारतीत आता वस्तुसंग्रहालय आहे. थेसालोनिकीत जन्मलेला मुस्तफा केमाल १८९६ ते १८९९ इथे शिकला. त्याच्यासाठी वेगळे दालन आहे आणि तुर्की पर्यटकांच्या बस त्यासाठीच थांबतात.

याच शहरात नोव्हेंबर १९०८ मध्ये अल्बेनियन पुढारी जमले. त्यांची भाषा तेव्हा कुणी अरबी लिपीत लिही, कुणी ग्रीक, कुणी लॅटिन. मुसलमान, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक अशा तीन धर्मांच्या या लोकांनी लॅटिनकडे कौल दिला. व्लाख, म्हणजे लॅटिनकुळातली बोली बोलणारे मेंढपाळ आणि व्यापारी, यांच्यासाठी रुमानियाने शाळा काढल्या होत्या. रुमानियाची सीमा इथून दूर. जमीन मिळण्याची आशा नव्हती, पण सौदेबाजीत हुकमाचे पान हवे होते. १९०५ मध्ये सुलतानाने व्लाखांनाही वेगळा मिल्लेत मान्य केला. त्यांचा मोठा वर्ग तरी स्वतःला ग्रीकच म्हणवत राहिला.

व्लाखांपैकीच दोन भाऊ, यानाकी आणि मिल्टन मानाकी, यांनी १९०५ मध्ये मनास्तिरला फोटो स्टुडिओ थाटला. यानाकीने लंडनहून बायोस्कोप कॅमेरा आणला आणि पहिल्यांदा चित्रित केली ती सूत कातणारी आजी देस्पिना. तिचे वय ११४ सांगतात. पुढे १९११ मध्ये सुलतान पाचवा मेहमद मनास्तिरला आला, तेव्हा त्याचीही मिरवणूक त्यांनी टिपली. त्यांच्या भिंगासमोर तुर्की पाशा उभे राहिले, कोमिताजी राहिले, वऱ्हाडी राहिले. यानाकीचा शेवट थेसालोनिकीत झाला, मिल्टनचा बितोलात. दोघांच्या मधे तोवर सीमा आली होती. शिरोक सोकाकवर कॅमेऱ्यासह मिल्टनचा पुतळा आहे, आणि बाल्कनचे पहिले चित्रपटकार आपलेच, असे एकाहून अधिक देश सांगतात.

बितोलाहून क्रुशेवोची वाट चढणीची आहे. साडेतेराशे मीटर उंचीवर उतारावर बिलगलेली घरे, आणि माथ्यावर १९७४ मध्ये उभारलेले पांढरे, गोल, गवाक्षांनी फुटलेले 'इलिन्देन' स्मारक. आत निकोला कारेव्हचे थडगे आहे. कारेव्हही मास्तरच, वर समाजवादी. २ ऑगस्ट १९०३ रोजी, संत एलिजाच्या दिवशी, उठाव झाला. संघटनेच्या लोकांनी क्रुशेवो घेतले आणि दहा दिवस चालवले. कारभारासाठी साठ जणांची सभा: वीस एक्झार्केटचे, वीस व्लाख, वीस ग्रीक धर्मपीठाचे. आसपासच्या मुसलमान गावांना जाहीरनामा धाडला असे सांगतात: लढा जुलमी राजवटीशी आहे, तुमच्याशी नाही. आज उपलब्ध असलेला त्याचा मजकूर मात्र निकोला किरोव्ह-मायस्की यांनी वीस वर्षांनी लिहिलेल्या नाटकातून आला आहे.

उठावकऱ्यांनी चेरीचे खोड पोखरून लोखंडी कड्यांनी आवळलेल्या तोफा केल्या होत्या. बख्तियार पाशाच्या सैन्यापुढे त्या काय टिकणार? गावाबाहेर मेच्किन कामेन टेकडीवर पितू गुली हा व्लाख सरदार माणसांसह लढत पडला. मग लूट झाली, आणि तिची झळ सर्वांत जास्त बसली ती सधन व्लाख आणि ग्रीक वस्तीला, म्हणजे उठावात ज्यांचा जीव सर्वांत कमी गुंतला होता त्यांना. सगळ्या प्रांतात मिळून सुमारे २०० गावे होरपळली आणि तीसेक हजार लोक बल्गेरियात पळाले.

युरोपने यावर उतारा काढला. ऑक्टोबर १९०३ मध्ये ऑस्ट्रिया आणि रशियाने मुर्त्सश्टेगला सुधारणांची योजना ठरवली: परदेशी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली पोलिसदल, महानिरीक्षक हुसेन हिल्मी पाशावर दोन युरोपीय सल्लागार. तिसऱ्या कलमात एक निरुपद्रवी वाटणारे वाक्य होते: शांतता झाल्यावर प्रांतांच्या सीमा राष्ट्रीयत्वानुसार नव्याने आखाव्यात. टोळ्यांनी यातून एकच अर्थ घेतला. आखणी होईपर्यंत जितकी गावे आपल्या नावावर करता येतील तितकी करून घ्यायची. १९०४ ते १९०८ हा सर्वांत रक्तरंजित काळ सुधारणांच्या याच योजनेच्या छायेत गेला.

रेसेन हे सफरचंदांसाठी प्रसिद्ध गाव. मध्यभागी फ्रेंच थाटाचा एक पांढरा महाल आहे. या गावात तो अगदी उपऱ्यासारखा दिसतो. अहमद नियाझी बे या ऑटोमन अधिकाऱ्याचा तो. अनेक वर्षे टोळ्यांचा पाठलाग केल्यावर ३ जुलै १९०८ रोजी हा नियाझी स्वतःच माणसे आणि खजिना घेऊन डोंगरात शिरला आणि सुलतानाकडे राज्यघटना मागू लागला. तीन आठवड्यांत सुलतान नमला. मनास्तिर आणि थेसालोनिकीच्या चौकांत मुल्ला, बिशप आणि रब्बी गळ्यात गळे घालून उभे राहिले. स्टोनबाईंना पळवणारा सान्दान्स्की डोंगरातून उतरून थेसालोनिकीत भाषणे देऊ लागला. हा उत्साह वर्षभरही टिकला नाही. नव्या राज्यकर्त्यांनी राष्ट्रीय संघटनांवर बंदी घातली, टोळ्या नि:शस्त्र करायला सुरुवात केली, आणि १९१२ मध्ये कालचे वैरी असलेले बल्गेरिया, सर्बिया आणि ग्रीस एकत्र येऊन तुर्कांवर तुटून पडले.

थेसालोनिकीत ग्रीक सैन्य बल्गेरियनांच्या आधी जेमतेम एक दिवस शिरले. तेवढ्याने शहराचे भवितव्य ठरले. दुसऱ्या वर्षी विजेते आपसात लढले, आणि १० ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्ट तहाने निम्मा प्रदेश ग्रीसला, चाळीस टक्क्यांच्या जवळपास सर्बियाला आणि दहावा हिस्सा बल्गेरियाला गेला. देल्चेव्हचे जन्मगाव कुकुश लढाईत जाळले गेले; तिथे आता किल्किस हे ग्रीक शहर आहे.

स्कोप्ये सर्बियाच्या वाट्याला आले. बेलग्रेडच्या सेंट सावा मंडळाने १८८६ पासून इथे शाळांसाठी पैसा ओतला होता आणि १९०२ मध्ये फिर्मिलियान हा सर्ब बिशप बसवून घेतला होता. या सगळ्या दावेदारांना एकदम नाकारणारे पुस्तक १९०३ मध्ये सोफियात छापले गेले: क्रस्ते मिसिर्कोव्ह यांचे 'मॅसिडोनियाच्या प्रश्नांविषयी'. मॅसिडोनियाचे स्लाव्ह हे वेगळे लोक आहेत आणि त्यांना स्वतःची प्रमाणभाषा हवी, हे त्यांचे म्हणणे. ती भाषा १९४५ मध्ये, युगोस्लाव्हिया असताना, प्रमाणित झाली.

स्कोप्येच्या किल्ल्याखाली जमिनीत अर्धे रुतलेले स्वेती स्पास चर्च आहे. आत अक्रोडाच्या लाकडात कोरलेला पडदा; कारागिरांनी एका कोपऱ्यात हत्यारांसह स्वतःलाही कोरले आहे. अंगणात गोत्से देल्चेव्हची संगमरवरी समाधी. ४ मे १९०३ रोजी, उठावाच्या तीन महिने आधी, सेरेसजवळच्या बानित्सा गावी तुर्की शिपायांच्या गोळीने तो मेला. वय ३१. अस्थी आधी सोफियाला गेल्या आणि १९४६ मध्ये स्कोप्येला आल्या. बल्गेरियात तो बल्गेरियन वीर, इथे मॅसिडोनियन राष्ट्राचा जनक. दोन्ही देशांच्या राष्ट्रगौरवात त्याची जागा अशी पक्की, की सोडायला कुणी तयार नाही.

हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. ग्रीसबरोबरचा नावाचा तंटा जून २०१८ मध्ये प्रेस्पा तळ्याकाठच्या करारात मिटला आणि देश 'उत्तर मॅसिडोनिया' झाला. लगेच २०२० मध्ये इतिहास आणि भाषेच्या मुद्द्यांवर बल्गेरियाने त्याची युरोपीय संघाशी बोलणी अडवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये देल्चेव्हच्या जयंतीसाठी समाधीकडे निघालेले अनेक बल्गेरियन सीमेवरच थांबवले गेले. २०१७ च्या मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या इतिहासकारांची एक समिती पाठ्यपुस्तके तपासू लागली. २०२२ मध्ये तिने संत सिरिल आणि मेथोडियस, क्लेमेंट, नाउम आणि झार सॅम्युएल यांचे स्मरण एकत्र करावे अशी शिफारस केली. हे पाचही जण हजार वर्षांपूर्वीचे आहेत. देल्चेव्हवरची चर्चा पुढच्या बैठकांसाठी ठेवलेली होती.